रोपांची यादी सगळ्यात शेवटी: तलाव आणि खाडीकाठचा अधिवास परत उभा करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेकडे तलावाचा साधारण दोन किलोमीटर उजाड काठ आहे आणि खाडीलगतचा एक मोकळा, चिखलाचा पट्टा आहे. दोन वर्षांचा निधी मंजूर झालाय. कोणती रोपं, किती अंतरावर आणि कोणत्या महिन्यात लावावीत, याचा आराखडा हवा आहे.

रोपांवर येतो, पण शेवटी. बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालंय की काठावरची कामं रोप चुकल्यामुळे क्वचित फसतात. ती फसतात उंची चुकल्यामुळे. उंची म्हणजे रोपाची नाही, तर पाण्याच्या पातळीच्या तुलनेत जमिनीची.

आधी आमचीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका खाडीत आम्ही कांदळाच्या शेंगा लावल्या, दोरी धरून, अगदी सरळ ओळीत. जागा का निवडली? मोकळी होती, कुणाची हरकत नव्हती आणि ओहोटीला तिथवर चालत जाता येत होतं. फोटो झकास आले. वर्षभराने गेलो तर आधाराला खोचलेल्या कामट्या तेवढ्या उभ्या होत्या, आणि प्रत्येकीवर जवळजवळ टोकापर्यंत बार्नॅकलचा (लाकडा-दगडाला चिकटून वाढणाऱ्या कवचवाल्या समुद्री जीवांचा) पांढरा, खरखरीत थर. त्या थराने काय ते सांगितलं होतं: दिवसातला बराच वेळ इथे पाणी डोक्यावरून जातं. कांदळ तिथे कधी नव्हतंच. ओहोटीला उघडी पडणारी ती चिखलाण म्हणजे किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांची चरायची जागा होती. एक धडधाकट अधिवास मोडून आम्ही तिथे दुसरा बसवायला निघालो होतो, आणि तोही बसला नाही.

ही चूक आमच्यापुरती नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत कांदळवन लागवडीची लाट आली. नंतर २३ ठिकाणांची पाहणी झाली, तेव्हा ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं आणि निम्म्याहून जास्त रोपं तगलेली ठिकाणं फक्त तीन होती. कारणं तीच: चुकीच्या पातळीवरची लागवड आणि नंतर कुणी फिरकलं नाही. फिलिपिन्समध्येही वर्षानुवर्षं चिखलाणीवर आणि समुद्री गवताच्या कुरणांवर कांदळ लावलं गेलं, कारण ज्या जागेवर ते खरोखर वाढलं असतं तिथे मत्स्यशेतीची तळी होती आणि तिथे मालकीचे वाद होते. रिकामी आणि बिनवादाची जागा लागवडीला सोयीची वाटते, पण बहुतेक वेळा ती झाडाला नको असते म्हणूनच रिकामी असते.

म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: इथे आज काही उगवत का नाही? झाडं, गवतं, लव्हाळे आपल्या पायांनी यायला काय अडलंय? बिया तर पाण्यावरून, वाऱ्यावरून, बदकांच्या पायांना चिकटून येतच असतात. तरीही काठ उजाड असेल तर काहीतरी नडतंय. पाण्याची वाट कुणीतरी बांध घालून अडवली असेल, किंवा भराव पडून जमीन उंच झाली असेल. लाटा रोपाला मूळ धरू देत नसतील. पाणी इतकं गढूळ असेल की तळाला उजेड पोचत नाही. गुरं रोज येऊन कोंब खात असतील. किंवा खरोखरच आसपास बियाणं देणारं झाड उरलेलं नसेल. यातल्या फक्त शेवटच्या कारणावर लागवड हा इलाज आहे.

दोन उदाहरणं शेजारी ठेवली की हा फरक नीट कळतो. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी उपसागरांतलं ईलग्रास नावाचं समुद्री गवत १९३० च्या दशकात रोगाने आणि १९३३ च्या चक्रीवादळाने पार नाहीसं झालं. नंतर कित्येक दशकं ते परतलं नाही, पण पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं. अडचण एवढीच की जवळपास बी नव्हतं. संशोधकांनी सुमारे वीस वर्षांत सात कोटींहून अधिक बिया साधारण २०० हेक्टरवर पेरल्या. २०२० पर्यंत ते कुरण ३,६०० हेक्टरच्या आसपास पसरलं होतं. याउलट फ्लोरिडातला टॅम्पा उपसागर. तिथे गवत थोडंफार तग धरून होतं, पण सांडपाण्यातल्या नायट्रोजनने पाणी हिरवट आणि गढूळ झालं होतं. तिथे पैसा गेला तो मुख्यतः सांडपाणी शुद्ध करण्यावर. १९८२ मध्ये सुमारे ८,७०० हेक्टर असलेलं गवत २०१६ पर्यंत जवळजवळ दुप्पट झालं, आणि ते बहुतेक आपलं आपण पसरलं. (त्यानंतर ते पुन्हा बरंच घटलं. अशा कामाला ‘पूर्ण झालं’ असा शिक्का कधी मारता येत नाही.) व्हर्जिनियाचा इलाज टॅम्पाला लावला असता तर सगळं बी गढूळ पाण्यात वाया गेलं असतं.

आता तुमच्या खाडीच्या पट्ट्याकडे येऊ. तिथे पहिलं काम लेव्हल घेण्याचं, म्हणजे जमिनीची उंची मोजण्याचं. जवळच जिथे कांदळवन निरोगी आहे अशी जागा शोधा. तिला आम्ही संदर्भ-जागा म्हणतो. पाण्याच्या कडेपासून जमिनीकडे एक सरळ रेघ आखा आणि दर दोन-तीन मीटरवर जमिनीची उंची घ्या. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) पुरतो. आरटीके जीपीएस (उपग्रहावरून अगदी अचूक उंची देणारं यंत्र) असेल तर उत्तम, पण दाट कांदळात तो रडवतो. प्रत्येक बिंदूपाशी काय उगवलंय ते लिहा: नुसता चिखल, तिवराचे श्वसनमुळांचे खुंट, चिपी, कांदळ, मग माचूळ वगैरे. मग हीच रेघ तुमच्या उजाड पट्ट्यावर मारा आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. पहिल्यांदा हे करणारा माणूस चकित होतो, कारण उघडा चिखल आणि दाट जंगल यांच्यात अनेकदा वीत-दोन वितीचाच फरक निघतो. डोळ्याला तो दिसत नाही, रोपाला मात्र जीवनमरणाचा असतो. ढोबळ नियम सांगायचा तर कांदळवन सरासरी समुद्रपातळीच्या जरा वरपासून उधाणाच्या मोठ्या भरतीच्या रेषेपर्यंत वाढतं, आणि त्या झाडांखालची जमीन एकूण वेळेच्या साधारण एक-तृतीयांशाहून कमी काळ पाण्याखाली असते. पण नियमापेक्षा शेजारच्या जंगलावर जास्त विश्वास ठेवा.

भरतीच्या तक्त्यावर विसंबून राहू नका. तो बंदराच्या तोंडाचा असतो, तुमची जागा खाडीत कितीतरी आत असते, आणि मध्ये एखादा पूल किंवा मोरी असेल तर पाणी तास-तासभर उशिरा आणि कमी उंचीने येतं. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. लाकडी पट्ट्यांवर पाण्यात विरघळणारा रंग लावा, त्या वेगवेगळ्या जागी उभ्या करा आणि त्यांच्या पायाची उंची लेव्हलने मोजून ठेवा. भरती उतरल्यावर रंग जिथपर्यंत धुतला गेलाय तिथपर्यंत पाणी आलं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला (कमी चढणाऱ्या भरतीला), असं निदान दोन-तीन महिने करा. लॉगर (पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) परवडत असेल तर दोन लॉगर बसवा, एक मोरीच्या बाहेर आणि एक आत. दोघांच्या आकड्यांतली तफावत म्हणजेच अनेकदा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असतं. झाडं मेली ती मोरी लहान पडल्यामुळे, आणि इलाज आहे मोरी रुंद करणं. त्यात एकही रोप विकत घ्यावं लागत नाही.

हे कल्पनेतलं बोलत नाही. फ्लोरिडात हॉलिवूड शहराजवळच्या वेस्ट लेक पार्कमध्ये पाणथळ-तज्ज्ञ रॉय ‘रॉबिन’ लुईस यांनी सुमारे ५०० हेक्टरवर हेच केलं. जुना भराव खणून जमीन शेजारच्या जंगलाच्या पातळीला आणली, भरतीचे नाले पुन्हा मोकळे केले आणि थांबले. कांदळ लावलंच नाही. शेंगा भरतीबरोबर आल्या आणि आपल्याला मानवेल त्या उंचीवर रुजल्या. नंतर जगभर जी पद्धत ‘पारिस्थितिक कांदळवन पुनर्स्थापना’ म्हणून शिकवली जाऊ लागली, तिचा गाभा हाच आहे.

नाल्यांबद्दल एक सूचना. ते सरळ खणू नका. यंत्रवाल्याला सरळ चर सोपा जातो आणि नकाशावरही तो नीटस दिसतो, पण भरतीचं पाणी झाडाच्या फांद्यांसारखं वळत, पसरत जातं. संदर्भ-जागेच्या उपग्रह-चित्रावरून नाल्यांची वळणं आणि तोंडाची रुंदी काढा आणि तशीच कापा. थोडं कमीच कापा, उरलेलं पाणी करतं.

आता तलाव. इथे भरती-ओहोटी नाही, पण ऋतूंची चढ-उतार आहे, आणि काठाचं सगळं जीवन त्या चढ-उतारावर चालतं. पाणथळातल्या कित्येक वनस्पतींचं बी पाण्याखाली रुजतच नाही. त्याला पाणी ओसरून उघडा पडलेला ओला गाळ लागतो. म्हणून ज्या तलावाची पातळी बारा महिने एकसारखी ठेवली जाते (शोभेसाठी, बोटींसाठी किंवा काठावरच्या बंगल्यांसाठी) त्याचा काठ हळूहळू एकसुरी होत जातो. अमेरिका-कॅनडा सीमेवरचं ऑन्टारिओ सरोवर हे याचं मोठं उदाहरण. १९६० पासून त्याची पातळी नियंत्रित झाली, चढ-उतार कमी झाली आणि काठावरची विविध गवतांची कुरणं मागे हटून पाणकणसाचं रान माजलं. जानेवारी २०१७ पासून पातळी थोडी नैसर्गिक वळणाने हलू देणारी नवी योजना लागू झाली. आणि त्याच वर्षी, मग पुन्हा २०१९ मध्ये, प्रचंड पावसाने सरोवर विक्रमी भरलं. काठावरच्या लोकांनी सगळं खापर नव्या योजनेवर फोडलं. पाणथळाचं कितीही शास्त्र माहीत असलं तरी काठावर राहणाऱ्या माणसाच्या तळघरात पाणी शिरलं की तो तुमचा आलेख बघत नाही. पातळीत बदल सुचवायचा असेल तर आराखड्यात ही माणसं पहिल्या दिवसापासून धरा.

तुमच्या तलावाचे दरवाजे कोण उघडतं, कशासाठी आणि कोणत्या महिन्यात, हे आधी विचारून घ्या. मागच्या दहा वर्षांची पातळीची नोंदवही मिळाली तर ती सोन्याच्या मोलाची. मग एक स्वस्त प्रयोग करा. काठाच्या वेगवेगळ्या खोलीवरून वरचा पाचेक सेंटिमीटर गाळ उचला, उथळ ट्रेमध्ये पातळ थर पसरा, ओला ठेवा आणि दोन महिने काय उगवतं ते बघा. गाळात बियाणं वर्षानुवर्षं झोपून असतं. एकदा आम्ही ‘मेलेला’ ठरवलेल्या काठाच्या ट्रेमध्ये पंधराव्या दिवशी लव्हाळ्याची सुईसारखी पाती उभी राहिली, पाठोपाठ पाच-सहा आणखी जाती. रोपवाटिकेची ऑर्डर आम्ही तिथेच अर्ध्यावर आणली. ट्रेमध्ये नुसतं घुसखोर तण उगवलं तर तेही वेळेत कळतं.

दुसरी गोष्ट उताराची. उजाड काठ बहुतेकदा उभा कापलेला किंवा दगडी पिचिंगचा (दगड बसवून बांधलेला) असतो. पाणथळ वनस्पतींना रुंद, जवळजवळ सपाट पट्टा हवा, निदान एकास दहा उतार, शक्य तिथे त्याहून मंद. उभ्या काठावर पाणी फूटभर चढलं-उतरलं तरी ओला होणारा पट्टा हातभरच राहतो. मंद उतारावर तोच पट्टा तीन मीटर किंवा त्याहून रुंद होतो. त्यात बेडकांपासून टिबुकलीपर्यंत सगळे मावतात. सगळा दोन किलोमीटर असा करणं जमणार नाही आणि गरजही नाही. वळणाच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला, दोन-तीन ठिकाणी नीट करा.

कारण यानंतर प्रश्न येतो लाटांचा. वाऱ्याला पाण्यावरून अडथळ्याविना जितकं लांब धावायला मिळतं तितकी लाट मोठी, आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट होते. म्हणून एकाच तलावाच्या एका काठावर लव्हाळे सहज तगतात आणि समोरच्या काठावर दर पावसाळ्यात उपटले जातात. नकाशावर मुख्य वाऱ्याच्या दिशेने पट्टी धरून प्रत्येक ठिकाणापासून समोरच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते अर्धा आराखडा ठरवतं. जिथे हे अंतर थोडं आहे तिथे नुसती वनस्पती पुरते. मध्यम ठिकाणी काथ्याचे ओंडके किंवा पुढे बुटका दगडी उंबरा हवा. जिथे अंतर फार आहे, किंवा मोठ्या बोटी रोज लाटा उठवत जातात, तिथे लागवडीचा हट्ट सोडा.

‘मग भिंतच का नको?’ असं कुणीतरी विचारणारच. भिंत लाट जिरवत नाही, परतवते. परतलेली लाट भिंतीचा पाया खरवडते आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याचा काठ जास्त वेगाने खाते. २०११ मध्ये आयरीन चक्रीवादळ नॉर्थ कॅरोलिनाला धडकलं, त्यानंतरच्या पाहणीत उभ्या भिंतींची मोठ्या प्रमाणावर पडझड आढळली. बुटक्या दगडी उंबऱ्यामागच्या खाजणाची जमीन मात्र जागची हलली नव्हती. गवत विरळ झालं होतं, ते वर्षभरात भरून आलं. उंबरा घालाल तेव्हा त्यात ठिकठिकाणी फटी ठेवा. नाहीतर मासे आत अडकतात आणि मागचं पाणी सडतं.

पाण्याच्या गुणवत्तेवर मी फार लिहीत नाही, कारण सांगण्यासारखं एकच आहे: नाला तसाच घाण येत असेल तर काठावरचा पैसा वाया जातो. चिलिका सरोवराचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. गाळाने समुद्राकडचं तोंड बुजत गेलं, खारेपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण माजलं, मासळी रोडावली. १९९३ मध्ये पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं, सोबत पाणलोटात गाळ रोखण्याची कामं झाली, आणि २००२ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं. काठावर लावलेल्या रोपांनी ते बदललं नाही. खारं आणि गोडं पाणी पुन्हा मापात मिसळू लागलं, म्हणून बदललं.

भविष्यासाठी जागा ठेवणं हा भाग नकाशावर सगळ्यात सोपा आणि प्रत्यक्षात सगळ्यात अवघड. समुद्राची पातळी गेल्या दशकात जगभर सरासरी वर्षाला चार मिलिमीटरहून जास्त वेगाने चढतेय. कांदळवन स्वतः गाळ धरून उंच होत जातं, पण चढण्याचा वेग वर्षाला सहा-सात मिलिमीटरच्या पुढे गेला की त्याला ते जमत नाही, असं जुन्या गाळाच्या अभ्यासातून दिसलंय. मग ते जमिनीकडे सरकतं. तिथे रस्ता किंवा कुंपणाची भिंत असेल तर मधल्यामध्ये चिरडलं जातं. इंग्लंडमध्ये मेडमेरी इथे २०१३ मध्ये जुना किनारी बांध मुद्दाम फोडला आणि आत सुमारे सात किलोमीटर लांबीचा नवा बांध घालून समुद्राला १८० हेक्टरच्या वर जागा दिली. तुम्हाला एवढं करायचं नाही. पण पट्ट्याच्या जमिनीकडच्या बाजूला पन्नास मीटर मोकळे मिळत असतील तर निधीतला मोठा वाटा त्या पन्नास मीटरांवर घाला.

आता रोपं. वरचं सगळं तपासून झाल्यावरही बी येत नाही असं ठरलं, तरच लावा. संदर्भ-जागेत ज्या उंचीवर जी जात सापडली तीच त्या उंचीवर, आणि बियाणं त्याच खाडीचं, त्याच तलावाचं. बाहेरची ‘झपाट्याने वाढणारी’ जात आणू नका. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात १९७० च्या दशकात किनारा सावरायला बाहेरचं खाजणगवत लावलं. त्याचा स्थानिक गवताशी संकर झाला आणि तो संकर पक्ष्यांच्या चरायच्या चिखलाणींवर चढला. २००० मध्ये ते हटवण्याचा प्रकल्प उभा राहिला, तर एका संकटग्रस्त पाणकोंबडीवर्गीय पक्ष्याने तोवर त्यातच आसरा घेतला होता. तोडावं तरी पंचाईत, ठेवावं तरी पंचाईत. ओळीतही लावू नका. झुबक्यांनी लावा, झुबक्यातली रोपं एकमेकांना लाटांपासून आडोसा देतात. तलावाकाठी पहिले दोन हंगाम जाळीचं कुंपण हवंच. पक्षी आणि गुरं कोवळे कोंब एका सकाळीत साफ करतात. महिना विचारलात, तर कांदळाला शेंगा पिकून गळू लागतात तो, आणि लव्हाळ्यांना पाणी ओसरू लागतं तो. आणि पट्ट्यात पुळणीचा तुकडा असेल, कासवं अंडी घालायला येत असतील, तर तिथे झाडं लावायचा विचारच करू नका. मर्यादवेल पसरू द्या, दिवे झाका, बस्स.

मासेमार होड्या कुठून लावतात, बायका शिंपल्या कुठून वेचतात, गुरं पाण्यावर कोणत्या वाटेने येतात, हे नकाशावर काढल्याशिवाय एक खुंटही ठोकू नका. वाट अडवलीत तर कुंपण पहिल्या महिन्यात मोडतं, आणि मोडणाऱ्याचं चुकतं असं मला कधी वाटलं नाही.

नोंदींसाठी ‘किती रोपं लावली’ हा आकडा अहवालात हवा तर द्या, पण त्यावर स्वतः विश्वास ठेवू नका. काम सुरू करण्याआधी एक पूर्ण वर्ष आणि नंतर निदान पाच वर्षं, त्याच जागांवरून त्याच दिशेने फोटो, ठरावीक चौकटींत जातींची मोजणी, खेकड्यांची बिळं, पक्षी. गाळ साचतोय का ते बघायला जमिनीवर फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या भुकटीचा थर पसरा. वर्षभराने सुरीने छोटा ठोकळा कापला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ चढला ते पट्टीने मोजता येतं. आणि शेजारचा एक उजाड तुकडा मुद्दाम तसाच सोडा. तोही आपोआप हिरवा झाला, तर ते श्रेय तुमच्या कामाचं नाही.

राहिला दोन वर्षांचा निधी. देणगीदाराला सरळ सांगा की पहिल्या वर्षी एकही रोप लागणार नाही: लेव्हल, पाणी, गाळ, परवानग्या. दुसऱ्या वर्षी मोरी, नाले, उतार. उरलेल्यातला निम्मा भाग पुढच्या तीन वर्षांच्या डागडुजीला बाजूला ठेवा. ऐकणार नाहीत अशी भीती असेल तर तलावाच्या आडोशाच्या काठावर शंभर-दीडशे मीटरचा एक तुकडा लगेच करून दाखवा, तेवढा फोटोंना पुरतो.

रंग लावलेल्या पट्ट्या येत्या उधाणाला खाडीत लावून टाका. भरती उतरू लागली की तिथेच थांबा आणि धुतलेल्या रेघेची उंची लगेच मोजा. सर आली तर वरचा रंगही जातो, आणि मग पंधरा दिवस थांबावं लागतं.